संसारावरील उपचार आणि त्याचा पुरावा

पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना 1954 सालीं स्थापन झाला व पुढच्याच वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पुढें स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील औषधही याच कारखान्यांतून बाहेर पडूं लागलें. आज पिंपरी-चिंचवडचें नांव निघालें कीं मोटारी, दुचाक्या व त्यांचे सुटे भाग डोळ्यांपुढें येतात. परंतु या नगरीच्या आरंभींच्या मोठ्या कारखान्यांत औषधाचा कारखाना होता, ही गोष्ट आमच्या आजच्या विषयास उपकारक असल्यामुळें प्रथमच सांगितली आहे. कारण औषधाचा गुण कसा सिद्ध करावा याचा जो धडा वैद्यकानें गेल्या शतकांत घेतला, त्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हेंच स्ट्रेप्टोमायसिन होय.

लंडन येथील वैद्यकीय संशोधन मंडळानें 1948 सालीं या औषधाच्या परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. क्षयाच्या 107 रोग्यांचे दोन गट केले होते. कोण कोणत्या गटांत जाणार हें वैद्याच्या मर्जीवर न ठेवतां यदृच्छ अंकांच्या तक्त्यावर सोपविलें होतें. 55 जणांस औषध व विश्रांति, आणि 52 जणांस केवळ विश्रांति देण्यांत आली. सहा महिन्यांनीं पाहतां पहिल्या गटांतील 4 व दुसऱ्या गटांतील 14 रोगी दगावले होते. औषध गुणकारी आहे याविषयीं मग वाद उरला नाहीं. परंतु याच रोग्यांचा पांच वर्षांनीं पुन्हा शोध घेतला, तेव्हां औषध घेतलेल्यांपैकीं 32 व न घेतलेल्यांपैकीं 35 मरण पावल्याचें आढळलें. रोगजंतु एकट्या औषधास दाद देईनासे झाले होते. सहा महिन्यांचें उत्तर व पांच वर्षांचें उत्तर यांत केवढें अंतर पडूं शकतें, हें वाचकांनीं येथें ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची आठवण पुन्हा करून द्यावी लागणार आहे.

आतां आमचा प्रश्न असा कीं, घरांतील कलह, नवराबायकोंतील दुरावा, एका माणसाच्या मनोविकारानें सबंध कुटुंबावर येणारा ताण, यांवर जो उपचार सांप्रत केला जातो, त्याचीही अशी परीक्षा होऊं शकते काय? आणि झाली असल्यास तिचा निकाल काय? कुटुंबोपचार अथवा दांपत्योपचार म्हणजे एका व्यक्तीस रोगी न मानतां तिच्या भोंवतालच्या नात्यांस उपचाराचा विषय करणें. त्यांत औषधाची कुपी नसते. बोलणें, ऐकणें, सराव व शिकवण यांवरच सारा भर असतो. अशा उपचाराचें मोजमाप करणें अशक्य आहे असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तें शक्य आहे व बऱ्याच अंशीं झालेंही आहे. मात्र काय मोजावयाचें याविषयीं आपल्याकडे जुना घोटाळा आहे, आणि त्याचा इतिहास पाहिल्यावांचून पुढच्या पुराव्याचा अर्थ नीट लागत नाहीं.

मराठींत संसार टिकण्यास एक अर्थपूर्ण शब्द आहे : नांदणें. मुलगी सासरीं नांदते किंवा नांदत नाहीं, एवढ्या एका प्रश्नांत तिच्या आयुष्याचा हिशेब पूर्वी पुरा होत असे. तंटा झाला तर वडीलधारीं माणसें, भावकी किंवा जातीची पंचायत मध्यें पडे, आणि मुलगी परत नांदावयास गेली म्हणजे तंटा मिटला असें समजत. कोर्टानेंही हीच कसोटी उचलली. 1884 सालीं दादाजी भिकाजी यांनीं आपली पत्नी रखमाबाई हिनें नांदावयास यावें म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. रखमाबाईचें लग्न अकराव्या वर्षीं झालें होतें व ती सासरीं कधींच नांदली नव्हती. 1885 सालीं न्यायमूर्ति पिन्ही यांनीं दावा फेटाळला. पण अपिलानंतर प्रकरण पुन्हा चाललें व मार्च 1887 मध्यें न्यायमूर्ति फॅरन यांनीं, एका महिन्यांत पतीकडे जावें अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईनें कैद पत्करण्याची तयारी दाखविली. 1888 सालीं दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि पुढें ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. या सबंध वादांत धर्म, कायदा, करार व रूढि यांचा कीस पाडला गेला. परंतु हुकुमाप्रमाणें ती गेली असती तर त्या घरांत पुढें काय झालें असतें, हें कोर्टापुढील प्रश्नांत कोठेंच बसत नव्हतें. नांदावयास पाठविणें हाच उपाय आणि तेंच उपायाचें यश, असें त्या काळचें गणित होतें.

हें गणित रखमाबाईबरोबर संपलें असें मात्र म्हणतां येत नाहीं. नांदावयास येण्याचा हुकूम मागण्याची तरतूद 1955 च्या हिंदु विवाह कायद्याच्या नवव्या कलमांत आली. 1984 सालीं कौटुंबिक न्यायालयांचा कायदा झाला, त्याच्या उद्देशांत समेटास चालना देणें हें प्रथम सांगितलें आहे. आणि त्या न्यायालयांत समुपदेशकांची योजना झाली. त्याच 1984 सालीं मुंबईंत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें पोलिसांच्या जोडीनें स्त्रिया व मुलांसाठीं विशेष कक्ष सुरू केला, व ती योजना पुढें राज्यभर पसरली. येथील दृष्टि निराळी होती : आलेल्या बाईवर जुलूम होत आहे काय, ती सुरक्षित आहे काय, व तिला स्वतःला काय हवें आहे, हें आधीं विचारावयाचें. एकाच वर्षीं जन्मलेल्या या दोन योजनांतून संसाराच्या उपचाराच्या दोन कसोट्या समोर आल्या. एक विचारते, ‘समेट झाला काय?’ दुसरी विचारते, ‘मार थांबला काय?’ या दोहोंचें उत्तर नेहमीं एकच येतें असें समजणें ही मोठी चूक होय.

आतां शास्त्रीय परीक्षांकडे वळूं. त्यांचा आरंभ नवराबायकोंच्या भांडणांतून झालेला नसून वेड्यांच्या इस्पितळांतून झाला आहे. आपल्या देशांत 1950 नंतरच्या दशकांत अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनीं रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांस तेथें राहावयास लावलें. हेतु हा कीं, नातलगांनीं रोग्याची शुश्रूषा शिकावी, व घरीं परतल्यावर त्यास टाकूं नये. ही गोष्ट जगांतील कुटुंबोपचाराच्या इतिहासांत मानानें सांगितली जाते, पण डॉ. विद्यासागरांनीं जें केलें त्याची तुलनात्मक मोजणी झाली नाहीं. मोजणी विलायतेंत झाली. जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांस 1958 सालीं असें आढळलें कीं, इस्पितळांतून सुटलेले जे रोगी आईबापांकडे अथवा पत्नीकडे परतले, त्यांची स्थिति भाड्याच्या खोलींत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षां वाईट झाली. प्रेमाचीं माणसें जवळ असून असें कां व्हावें? शोध घेतां दिसलें कीं, घरांतील सततची टीका, वैर किंवा जीव गुदमरविणारी काळजी यांनीं रोग उलटतो. 1982 सालीं ज्युलियन लेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा घरांतील 24 रोगी घेऊन अर्ध्यांच्या कुटुंबांस शिकवण दिली. नऊ महिन्यांत तुलनेच्या गटांतील निम्म्यांचा रोग उलटला. उपचार झालेल्या गटांत एकाचाच उलटला.

चोवीस ही संख्या लहान आहे हें कोणीही कबूल करील. म्हणून नंतर झालेल्या परीक्षांची एकत्र बेरीज करण्यांत आली. 2010 सालच्या कॉक्रेन समीक्षेंत छिन्नमनस्कतेच्या रोग्यांच्या कुटुंबोपचाराच्या 53 परीक्षा तपासल्या आहेत. तिचें तात्पर्य असें कीं, सुमारें सात कुटुंबांस हा उपचार द्यावा तेव्हां एका रोग्याचा रोग उलटण्याचें टळतें. परीक्षांच्या मांडणींत दोष आहेत, व म्हणून गुण वाटतो त्याहून कमी असेल, असा इशाराही समीक्षकांनीं तेथेंच दिला आहे.

आमच्याकडेही असा प्रयत्न झाला, व त्याचा निकाल विचार करावयास लावणारा आहे. तमिळनाडू, गोवा व सातारा या तीन ठिकाणीं 282 रोगी घेऊन एक परीक्षा झाली. तिचा वृत्तांत 2014 सालीं ‘लॅन्सेट’ या मासिक-साप्ताहिकांत मान्यता पावलेल्या इंग्रजी वैद्यकीय पत्रांत आला. 187 रोग्यांच्या घरीं, पदवीधर वैद्य नसलेले परंतु शिकवून तयार केलेले स्थानिक कार्यकर्ते जात. रोग्यास व घरच्यांस आजार समजावून देत, औषधाची आठवण ठेवीत, कामधंद्याकडे वळवीत. उरलेल्या 95 जणांस नेहमींचाच उपचार होता. वर्षाअखेर रोग्यांचें परावलंबन कांहींसें कमी झालें. लक्षणांतील फरक इतका थोडा होता कीं तो योगायोगानें पडला नसेलच असें खात्रीनें म्हणवेना. शिवाय जो स्पष्ट फायदा दिसला तो तमिळनाडूच्या ग्रामीण केंद्रांत. सातारा व गोवा येथें तसा दिसला नाहीं. यावरून हा उपचार निरुपयोगी ठरत नाहीं. पण जें एका ठिकाणीं फळलें तें दुसऱ्या ठिकाणीं फळेलच असें गृहीत धरतां येत नाहीं, हें ठरतें. जेथें नेहमींचा उपचारही दुर्मिळ, तेथें थोड्या मदतीचा लाभ मोठा होत असावा, असें आम्हांस वाटतें.

दांपत्योपचाराची गोष्ट याहून अवघड आहे. अमेरिकेंत लॉस एंजेलिस व सिएटल येथें अँड्र्यू क्रिस्टेन्सन व नील जेकब्सन यांनीं दीर्घकाळ गांजलेलीं 134 जोडपीं घेऊन उपचाराच्या दोन पद्धतींची तुलना केली. प्रत्येक जोडप्यास 26 बैठकींपर्यंत उपचार होता. तो संपला तेव्हां सुमारें दोन तृतीयांश जोडप्यांत खरी सुधारणा दिसली. परंतु पांच वर्षांनंतरचा वृत्तांत 2010 सालीं आला, त्यांत सुधारलेलीं जोडपीं सुमारें निम्मीं राहिलीं होतीं, व चौथ्या हिश्श्याहून किंचित् अधिक विभक्त झालीं होतीं. दोन पद्धतींत शेवटीं फारसा फरक उरला नव्हता. स्ट्रेप्टोमायसिनच्या पांच वर्षांची आठवण ठेवावी असें आम्ही वर म्हटलें, तें यासाठीं. क्षयाच्या वैद्यांनीं त्या निकालानें औषध टाकून दिलें नाहीं. त्यांनीं जोडीला दुसरीं औषधें दिलीं व क्षय आटोक्यांत आणला. 

खिन्नतेच्या विकारावर दांपत्योपचार कितपत चालतो याची कॉक्रेन समीक्षा 2018 सालीं नव्यानें झाली. तींत 14 परीक्षा आहेत. रोग्यास एकट्यानें दिलेला मानसोपचार व जोडप्यास मिळून दिलेला उपचार यांत खिन्नता कमी करण्यापुरता भेद आढळला नाहीं. नात्यांतील त्रास मात्र दुसऱ्यानें अधिक कमी झाला. पुरावा फार भक्कम नाहीं असें समीक्षकच सांगतात. म्हणजे जेथें दुःखाचें मूळ नात्यांत आहे, तेथें दोघांस बोलाविणें इष्ट. सरसकट सर्वांस नव्हे.

येथपर्यंतचा पुरावा बहुतेक परदेशचा. आमच्या वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, जेथें सासू, दीर, जाऊ व माहेर हीं सारीं संसारांत वाटेकरी असतात, तेथें दोन माणसांच्या अमेरिकन उपचाराचा काय उपयोग? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्याचें काम चाकणच्या आसपासच झालें आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागांत 50 वस्तिगटांतील 1081 जोडप्यांवर एक परीक्षा झाली, तिचा वृत्तांत 2016 सालीं आला. विषय कुटुंबनियोजनाचा होता; पण गांवांतील पुरुष आरोग्यसेवकांनीं नवऱ्यांशीं बैठका करून, व शेवटीं दोघांस एकत्र बसवून, मुलांविषयींच्या निर्णयांत बायकोचें मत कां घ्यावें व तिच्यावर हात कां उगारूं नये हेंही सांगितलें. अठरा महिन्यांनीं त्या गटांतील स्त्रियांनीं पतीकडून होणारी लैंगिक जबरदस्ती दुसऱ्या गटाच्या मानानें कमी सांगितली. गर्भनिरोधक साधनांचा वापरही वाढला होता. याच धर्तीची दुसरी परीक्षा 2018 पासून जुन्नर तालुक्यांत 1201 जोडप्यांवर झाली. चाकणहून नाशिकच्या रस्त्यानें उत्तरेस गेलें म्हणजे राजगुरुनगर व मंचर ओलांडून आपण त्या प्रदेशांत येतों. तेथें पुरुषांशीं पुरुष सेवकानें व स्त्रियांशीं स्त्री सेविकेनें आधीं वेगवेगळें बोलावें, आणि मग दोघांस एकत्र बसवावें, अशी सुधारणा केली होती. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. जिला नवऱ्याची भीति आहे ती त्याच्यासमोर खरें बोलणार नाहीं. आणि दोघांस प्रथमच एकत्र बसविणारा समुपदेशक तिच्या मौनास संमति समजण्याचा संभव असतो.

याहून जवळची गोष्ट भोसरीची. पिंपरी-चिंचवडच्या हद्दींतील भोसरीच्या औद्योगिक वसाहतींत 1992 सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या डॉ. सीमा सहाय आणि अटलांटा येथील एमरी विद्यापीठाच्या डॉ. अमिता काळोखे यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रथम मापाचाच प्रश्न हातीं घेतला. पाश्चात्त्य प्रश्नावल्या फक्त नवऱ्याच्या मारहाणीविषयीं विचारीत. सासरच्या माणसांनीं घातलेले निर्बंध, माहेरीं जाण्यास बंदी, उपासमार, टोमणे यांस त्यांत जागा नसे. म्हणून पुण्यांतील स्त्रियांशीं बोलून कुटुंबांतील हिंसा व नियंत्रण मोजणारी 63 प्रश्नांची श्रेणी तयार केली, ती 2016 सालीं प्रसिद्ध झाली. त्यानंतर पुण्याच्या झोपडपट्ट्यांतील नुकतींच लग्न झालेलीं जोडपीं डोळ्यांपुढें ठेवून ‘घ्या भरारी एकत्र’ या नांवाचा सहा बैठकींचा पाठ रचला. एकमेकांस वेळ देणें, स्वतःविषयीं आदर, बोलणें व भांडण मिटविणें, पुढील आयुष्याचे बेत, शरीरसंबंध व आरोग्य, आणि मारहाण ही रीतच आहे या समजुतीचा विचार, असे त्याचे विषय. शिकविणारे वस्तींतल्यासारखेच साधे लोक. 2021 सालीं त्याच्या लहानशा प्राथमिक प्रयोगाचा वृत्तांत आला. असा प्रयोग पाठ चालविणें शक्य आहे काय व लोकांस तो रुचतो काय एवढेंच सांगूं शकतो. गुण सिद्ध करण्यास मोठी परीक्षा लागते. तरी मार सुरू होण्यापूर्वींच जोडप्याकडे जाण्याची त्यांतील कल्पना आम्हांस मोलाची वाटते.

हा सर्व विचार पिंपरी-चिंचवडास विशेष लागू आहे. 1962 सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. 1970 सालीं येथें नगरपालिका व 1982 सालीं महानगरपालिका झाली. 2011 च्या शिरगणतींत लोकसंख्या 17,27,692 भरली. 2018 सालीं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आलें. मराठवाडा, सोलापूर, खानदेश व परप्रांतांतून आलेलीं तरुण जोडपीं एका खोलींत संसार मांडतात. नवरा एका आठवड्यास पहिल्या पाळीस, तर दुसऱ्या आठवड्यास रात्रपाळीस. बायकोही पुष्कळदां कामावर. कंत्राट संपलें कीं नोकरी संपली. मध्यें पडणारीं वडीलधारीं माणसें दूर गांवीं राहिलीं. त्यांचें मध्यें पडणें नेहमींच न्यायाचें असे असें नाहीं. पण ती जागा रिकामी आहे, व ती समुपदेशकानें भरावी अशी अपेक्षा आहे. मग तो समुपदेशक जें करतो त्याचा हिशेब कोणत्या कसोटीनें ठेवला जातो, हें विचारण्याचा अधिकार नागरिकांस आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. उपचारानें गुण येतो, हें बऱ्याच परीक्षांनीं दाखविलें आहे. तो बेताचा असतो, ठिकाणागणिक बदलतो, व काळानें ओसरतो, हेंही त्याच परीक्षांनीं दाखविलें आहे. सामान्य शिक्षणाचीं पण नीट तयार केलेलीं माणसें हें काम करूं शकतात. परंतु ‘इतकीं प्रकरणें आलीं व इतकीं जोडपीं परत नांदूं लागलीं’ या आंकड्यास या उपचाराचा पुरावा मानतां येणार नाहीं. तो आंकडा 1887 च्या हुकुमाच्याच जातीचा आहे. परत गेलेली बाई सहा महिन्यांनीं कशी आहे, वर्षानें कशी आहे, तिच्यावर हात उगारला जातो काय, मुलें शाळेंत जातात काय, नवऱ्याचें व्यसन व चिंता कमी झाली काय, हें तिला एकटीला गांठून विचारलें पाहिजे, आणि जीं जोडपीं सन्मानानें वेगळीं झालीं त्यांचीही चौकशी त्याच आस्थेनें झाली पाहिजे. यास मोठा खर्च लागत नाहीं; एक वही, ठरलेले प्रश्न, व पुन्हा दार ठोठावण्याची चिकाटी एवढें पुरतें. पांच वर्षांनंतर मोजण्याची जी शिस्त वैद्यकानें क्षयाच्या औषधास लावली, तीच या नगरीनें आपल्या घरांतील दुःखांच्या उपचारासही लावावी, अशी आमची सूचना आहे.